लाकूडकाम आणि रानातल्या मुक्कामासाठी सुरी घेताना



1 जूनला बंदी लागली की यांत्रिक होड्या 31 जुलैपर्यंत बांधून ठेवायच्या. हात मोकळे होतात. कोणी जाळी शिवायला बसतो, कोणी वल्ह्याची मूठ नव्याने तासतो, आणि तरुण पोरं चादर-भांडी घेऊन नदीकाठी, धबधब्यावर नाहीतर एखाद्या बेटावर रात्रीच्या मुक्कामाला जातात. याच दिवसांत दरवर्षी मला विचारणा होते : भाऊ, एक चांगली सुरी घ्यायची आहे, कुठली घेऊ?

आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा व्हायचो. यंदा सविस्तर लिहितोय, त्याला कारण आहे.

गेल्या पावसात आपल्याच वाड्यावरच्या एका पोराने ऑनलाइन सुरी मागवली. काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आणि मूठ आतून पोकळ, त्यात म्हणे काडेपेटी आणि गळ ठेवायचे. दिसायला सिनेमातली. रात्री नदीकाठी लाकडं ओली निघाली म्हणून त्याने सुरी लाकडावर टेकवली आणि दुसऱ्या लाकडाने तिच्या पाठीवर ठोके दिले. चौथ्या ठोक्याला पातं मुठीतून सुटलं आणि उसळून डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात लागलं. सात टाके. ऑगस्टमध्ये सगळ्या होड्या बाहेर पडल्या तेव्हा तो जेटीवर हात गळ्यात बांधून उभा. जवळजवळ सहा आठवडे दोराला हात लावता आला नाही. हंगामाची सुरुवात म्हणजे आपली वर्षाची कमाई, हे मी सांगायला नको.

ती तुटलेली मूठ माझ्या टेबलावर आहे. ऑफिसात आलात तर बघा. रुंद दिसणारी ती मूठ आणि ते भारी पातं यांना जोडणारा आत एक बोल्ट आहे, करंगळीच्या निम्म्या जाडीचा. त्यावर एक नट. बस्स. सगळा जोर त्या बोल्टवर.

तेव्हा सुरी बघताना पहिली गोष्ट ही. पात्याचं पोलाद मुठीत किती आत जातं? त्याला आपण शेपूट म्हणू. पातं आणि शेपूट एकाच पट्टीतून काढलेलं असावं, जोडलेलं नसावं. काही सुऱ्यांत शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जातं, मुठीच्या पूर्ण रुंदीचं असतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या रिवेटने ठोकलेल्या असतात. आपल्या खाटकाची सुरी बघा, तशीच असते. ही सगळ्यात भरवशाची. काहींत शेपूट अरुंद असतं पण लांब, मुठीच्या आरपार. तेही चांगलं. काहींत अर्ध्या-पाऊण मुठीपर्यंत जाऊन थांबतं. लाकूड तासायला तीही चालते, पण तिच्या पाठीवर ठोके घालायचे नाहीत. पोकळ मूठ मात्र कुठल्याच कामाची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

आता मुळात काम काय करायचंय ते ठरवू. मुक्कामाला सुरी लागते ती अशा कामांना : तंबूच्या नाहीतर ताडपत्रीच्या खुंट्या तासायच्या, टोपाला लटकवायचा आकडा करायचा, ओल्या लाकडाची साल काढून आतलं सुकं लाकूड बाहेर काढायचं, दोर कापायचा, कांदा चिरायचा, मासा साफ करायचा. घरी लाकूडकाम करणाऱ्याला डवला, पळी, जाळं विणायची बांबूची सुई, कुऱ्हाडीचा नाहीतर गळाच्या काठीचा दांडा. आणि होडीवर एक काम असं की ज्याच्यावर जीव अवलंबून असतो. तळाला भोक पडलं, पाइप निसटला, तर त्यात ठोकायला निमुळती लाकडी खुंटी लागते. मऊ लाकडाची, कारण मऊ लाकूड पाण्यात फुगतं आणि भोक घट्ट धरतं. शहाणे लोक अशा खुंट्या आधीच तासून प्रत्येक भोकाजवळ दोरीने बांधून ठेवतात. ज्यांनी ठेवल्या नाहीत त्यांना त्या वेळी पाच मिनिटांत तासाव्या लागतात, हलत्या होडीत, ओल्या हातांनी. सुरीची परीक्षा तिथे.

या सगळ्याला एकच सुरी उत्तम कधीच नसते. जी बऱ्यापैकी सगळं करते आणि लाकडात खास चालते तिला इंग्रजीत बुशक्राफ्ट नाइफ म्हणतात. बुशक्राफ्ट म्हणजे रानात हाताशी असेल त्यावर राहायची विद्या. हा शब्द आणि ही सुरी दोन्ही आपल्याकडचे नाहीत, पण ती ज्यांच्याकडून आली ती माणसं आपल्यासारखीच हातावर पोट असलेली. लाकूडतोडे, मासेमार, शेतकरी.

स्वीडनमध्ये दालार्ना नावाचा मुलूख आहे, तिथे सिल्यान तळ्याच्या काठी मोरा नावाचं गाव. तिथे घरोघरी सुऱ्या बनवायची जुनी परंपरा. 1891 साली फ्रॉस्ट एरिक एर्सन नावाचा माणूस अमेरिकेत लाकडाच्या धंद्यात राबून परत आला आणि त्याने मोराजवळच्या गावात लाकूड ओढायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. कामगारांना सुऱ्या लागायच्या म्हणून त्याही तिथेच बनवल्या. पुढे गाड्या मागे पडल्या आणि सुऱ्या जगभर गेल्या. आज ते मोराक्नीव्ह या नावाने विकतात. बाजूच्या फिनलंडमध्ये तशीच सुरी आहे, तिला पुक्को म्हणतात. त्यांच्या भाषेत पू म्हणजे लाकूड. तिकडे पोराच्या कमरेला पुक्को म्हणजे आपल्याकडे सुताराच्या कानावरची पेन्सिल.

कॅनडातले मॉर्स कोचान्स्की हे या विद्येतले मोठे नाव, 2019 साली वारले. त्यांचं रानात राहण्यावरचं पुस्तक 1988 मध्ये आलं. ते जन्मभर या साध्या, स्वस्त मोरा सुऱ्यांचा पुरस्कार करत राहिले. माझ्यासारख्याला ही गोष्ट आवडते. ज्याला जगातली कुठलीही सुरी मिळू शकली असती त्याने प्लास्टिकच्या मुठीची, कामगाराची सुरी कमरेला लावली.

लांबी किती हवी? कोचान्स्की सांगायचे, पातं तळहाताच्या रुंदीएवढं असावं. म्हणजे साडेतीन ते चार इंच. आपल्या पोरांना हे ऐकून निराशा होते, त्यांना आठ-नऊ इंच हवं असतं. पण बघा, लाकूड तासताना जोर मुठीजवळच्या धारेवर येतो. टोक जितकं लांब तितकं हातातून सुटतं, मनगट दुखतं आणि बारीक काम होत नाही. झुडूप तोडायला लांब पातं हवं हे खरं, पण त्याला आपल्याकडे कोयती आहे. कोयतीचं काम कोयतीला द्या, सुरीचं सुरीला. दोन्हीचं काम करणारी एक वस्तू शोधायला गेलात तर दोन्ही कामं वाईट करणारी मिळेल.

जाडी. पात्याच्या पाठीची जाडी अडीच ते सव्वातीन मिलिमीटर असली की पुष्कळ झालं. मोराची कंपॅनियन नावाची साधी सुरी आहे, तिचं पातं साधारण 104 मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड. तिचं शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. तासायला फार सुंदर. त्याच घरातली गार्बर्ग, पातं 109 मिलिमीटर, जाडी 3.2, शेपूट आरपार. तिच्या पाठीवर ठोकून लाकूड चिरलं तरी चालतं, आणि पाठीची कडा काटकोनात असल्याने चकमकीच्या कांडीवर घासली की ठिणग्याही पडतात. किंमत मात्र कंपॅनियनच्या कितीतरी पट. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या सुऱ्याही विकायला असतात. त्या लाकडात शिरतच नाहीत, पाचरीसारख्या अडकतात. हातात वजनदार लागतात म्हणून माणूस फसतो.

आता मुख्य मुद्दा, धारेचा उतार. इथे थोडं थांबून वाचा, कारण दुकानदार याबद्दल काही सांगत नाही आणि फोटोतही पटकन कळत नाही.

सुताराची पटाशी डोळ्यांसमोर आणा. तिला एक रुंद सपाट उतार असतो आणि तो उतार थेट धारेवर संपतो. लाकडावर तो उतार टेकवला की पटाशी त्यावर बसते. हात जरा वर केला की खोल जाते, जरा खाली केला की वर येते. किती खोल जायचं ते सुताराच्या हातात राहतं. मोरा आणि पुक्कोला दोन्ही बाजूंनी असाच रुंद उतार असतो, पात्याच्या मध्यापासून सुरू होऊन थेट धारेपर्यंत. दोन्ही बाजू मिळून साधारण 20 ते 25 अंशांचा कोन. म्हणून या सुरीने लाकडाची ढलपी कागदासारखी पातळ निघते, आणि नवशिक्यालाही ती हवी तिथे थांबवता येते.

घरातल्या सुरीचं तसं नसतं. तिचं पातं पाठीपासून खालपर्यंत हळूहळू पातळ होत जातं आणि अगदी शेवटी धारेला एक बारीक, जवळजवळ न दिसणारा दुसरा उतार असतो. ही कांदा-टोमॅटोत सरळ जाते. लाकडावर मात्र तिला टेकायला जागा नाही. ती एकदम खोल घुसते नाहीतर घसरते. घसरली की कुठे जाते ते तुम्हाला माहीत आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो. मोरासारखी सुरी बटाट्यात घातलीत तर बटाटा चिरण्याऐवजी फुटतो, कारण उताराचा खांदा पाचरीचं काम करतो. इसवणीची तुकडी करायला ती नकोच, आणि मोरीचा कणा तोडायला तर अजिबात नको, धारेचे तुकडे उडतील. मासा कापायला आपली विळी आणि कोयती आहेच, काटा काढायला पातळ लवचिक सुरी वेगळी ठेवावी. मुक्कामावर चार बांगडे साफ करण्यापुरतं लाकडाच्या सुरीने निभावतं.

होडीवर दातेरी सुरी ठेवतात त्याबद्दल. नायलॉनचा ओला दोर दातेरी पात्याने खरंच लवकर तुटतो. पायात दोराचा फास बसला तर हातात दातेरीच हवी. पण तिने लाकूड तासता येत नाही आणि घरी धार लावता येत नाही. म्हणजे ती वेगळी. मोराचीच बुचाच्या लाकडाच्या मुठीची दातेरी सुरी आहे, पाण्यात पडली तर तरंगते. आपल्यासाठी कल्पना चांगली आहे. तशी मिळाली नाही तर साध्या दातेरी सुरीच्या मुठीला एक लहान तरंड बांधा, काम तेच. पण बांधून एकदा बादलीत टाकून बघा तरंगते का. मी न बघता बांधलं होतं, आता ती सुरी खाडीच्या तळाशी आहे.

आता पोलाद. आपल्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण ज्या लोकांनी या सुऱ्या बनवल्या ते गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी राहतात आणि आपण खाऱ्या वाऱ्यात.

ढोबळमानाने दोन जाती. एक साधं कार्बनचं पोलाद, दुसरं न गंजणारं, ज्याला आपण स्टेनलेस म्हणतो. कार्बन पोलादाला धार लवकर लागते, वस्तऱ्यासारखी लागते, किंमत कमी. सुतारांची हत्यारं त्याचीच. पण किनाऱ्यावर एक रात्र ओली ठेवली की सकाळी तपकिरी डाग. धारेची कड तर इतकी पातळ असते की गंज तिला खाऊन टाकतो. सुरी न वापरताही बोथट होते ती अशी.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, साडेदहा टक्के किंवा जास्त. ते हवेतल्या प्राणवायूशी मिळून पात्यावर एक अदृश्य साय धरतं आणि ती साय गंज अडवते. मोराच्या कंपॅनियनमध्ये 12सी27 नावाचं स्वीडिश पोलाद वापरतात, त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम. गार्बर्गमध्ये 14सी28एन, त्यात थोडं नायट्रोजन घातलेलं, गंजाला आणखी चिवट. पण मंडळी, मीठ ही साय भेदतं. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, हा गैरसमज आपल्या कितीजणांच्या नटबोल्टांनी दूर केलाय! स्टेनलेस सुरीही खाऱ्या पाण्यात भिजवून म्यानात कोंबली तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. एवढंच, पण रोज.

जाहिरातीत डी2 नावाचं पोलाद फार दिसतं. त्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असतं, ऐकायला स्टेनलेसच वाटतं. पण त्यात कार्बनही दीड टक्का असतो, तो क्रोमियमचा बराच भाग स्वतःकडे ओढून घट्ट कण बनवतो आणि साय धरायला क्रोमियम पुरत नाही. धार खूप टिकते हे खरं. मात्र आपल्या हवेत गंजते, आणि बोथट झाली की साध्या दगडावर घाम काढते. आपल्यासाठी नाही.

दुसऱ्या टोकाला एच1 नावाचं पोलाद आहे, त्यात कार्बनची जागा बहुतेक नायट्रोजन घेतं, खाऱ्या पाण्यात जवळजवळ गंजतच नाही. पाणबुडे वापरतात. महाग पडतं.

तर माझं मत असं. सुरी घरातच राहणार, डवले-पळ्या तासायच्या, वापर झाल्यावर तेल लावायची सवय आहे, तर कार्बन घ्या, तासण्याचं सुख वेगळंच. सुरी होडीवर किंवा किनाऱ्यावर येणार असेल तर स्टेनलेस, दुसरा विचार नको.

दुकानात सुरी हातात आली तर दोन गोष्टी करून बघता येतात. लोहचुंबक लावा. पात्याला चुंबक अजिबात चिकटला नाही तर बहुधा ते चमचे-ताटांचं स्टेनलेस आहे, त्याला पाणी देता येत नाही, धार टिकणार नाही. चुंबक चिकटला म्हणून मात्र चांगलीच असं नाही. घरी आणल्यावर दुसरी परीक्षा : जुनी चांगली कानस पात्याच्या पाठीवर मुठीजवळ हलकेच फिरवा. नीट पाणी दिलेल्या पोलादावर ती घसरते, मऊ पोलादात लगेच रुतून चुरा काढते. काही चांगल्या सुऱ्यांची पाठ मुद्दाम मऊ ठेवतात हेही लक्षात घ्या, तेव्हा एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

मूठ. बंद मुठीत भरून बसावी, पण बोटांची नखं तळव्यात रुतू नयेत. गोल मूठ नको, हातात फिरते आणि धार कुठे आहे ते अंधारात कळत नाही. अंड्यासारखा लांबट आकार चांगला. बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी दिसायला छान, पण तासताना आपण पकड पंचवीस वेळा बदलतो, त्या खाचा दर वेळी चुकीच्या जागी येतात. फोड येतात. लाकडी मूठ घामात चांगली, माशाच्या चिकट पाण्यात रबराची. आणि रंग? भगवा, पिवळा, लाल. काळी किंवा हिरवी सुरी पालापाचोळ्यात ठेवली की गेली.

पुढे बोट घसरू नये म्हणून काही सुऱ्यांना आडवी पट्टी असते. लाकूडकामाला ती अडचण करते, अंगठा पात्यामागे नेता येत नाही. पण ओल्या हातांनी टोकाने काही भोसकायचं असेल तर ती बोटं वाचवते. कंपॅनियनसारख्या मुठीला छोटा उंचवटा असतो, तो मधला मार्ग आहे. मला तोच बरा वाटतो.

घडीची सुरी, म्हणजे खिशातला चाकू, मुक्कामाला नेऊ नका असं मी म्हणत नाही. पण लाकडात जोर लावताना ती मिटली तर स्वतःच्याच बोटांवर मिटते. शिवाय सांध्यात वाळू आणि मीठ जातं.

म्यानाकडे कोणी बघत नाही. चामड्याचं म्यान रुबाबदार, पण ते ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पात्याला डाग पाडतात. किनाऱ्यावर प्लास्टिकचं, खाली पाणी जायला भोक असलेलं. उलटं धरून झटका दिला तर सुरी पडता कामा नये, आणि एका हाताने निघाली पाहिजे. होडीत घसरून पडताना सुरी म्यानाबाहेर आली तर काय होईल त्याचा विचार करा.

ज्यांना फक्त लाकडात बारीक काम करायचंय, खेळणी, पळ्या, गणपतीच्या मखराची नक्षी, त्यांना या सुरीपेक्षाही लहान पातं लागतं. मोराच्या 120 क्रमांकाच्या सुरीचं पातं 60 मिलिमीटर, 106 चं 82 मिलिमीटर. पळीची खोली कोरायला वाकड्या पात्याची सुरी वेगळी, सरळ सुरीने ते काम करायला जाऊ नका. लाकूड म्हणाल तर शिकायला पांगारा किंवा शिवण घ्या. दोन्ही मऊ, आणि ओलं असताना तर लोण्यासारखं तासलं जातं. सुकलेला साग किंवा फणस पहिल्या दिवशी घेतलात तर सुरीला दोष द्याल.

तासताना बसायची रीत. दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेका आणि काम गुडघ्यांच्या पुढे धरा. दोन मांड्यांमध्ये लाकूड धरून तासणं हे सगळ्यात वाईट. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, ती कापली तर माणूस काही मिनिटांत जातो. रानात, बेटावर, कोण येणार? पोरांना हे आधी शिकवा, बाकी नंतर. टोकाकडे तासायचं, स्वतःकडे नाही. थोडं थोडं काढायचं असेल तर सुरीचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला ढकला, सुरी फक्त अर्धा इंच सरकते आणि थांबते. खाच पाडायची असेल तर आधी आडवा काप द्या आणि मग त्याच्याकडे तासत या, लाकूड तिथेच तुटतं, पुढे फाटत जात नाही.

पावसाळ्यात विस्तव पेटवायचा प्रश्न येतोच. बाहेरून भिजलेलं मनगटाएवढं लाकूड आत बहुतेक वेळा सुकं असतं. ते उभं चिरायचं. सुरी टोकावर आडवी ठेवून दुसऱ्या लाकडाने पाठीवर ठोके. इथेच त्या पोराचा अपघात झाला, म्हणून नीट सांगतो : शेपूट पूर्ण असलेली सुरी, लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद, गाठ नसलेलं, खाली घट्ट टेकवलेलं, आणि गुडघा बाजूला. सुरी अडकली तर हिसडे देऊ नका, लाकडाची पाचर मारून सोडवा. कुऱ्हाड किंवा कोयती जवळ असेल तर सुरीवर ठोकूच नका. आतली सुकी काडी मिळाली की तिच्यावर पातळ ढलप्या काढा पण तोडू नका, टोकाला पिसाऱ्यासारख्या वळून राहू द्या. असे पाच-सहा पिसारे, आणि एका काडीत विस्तव लागतो. धार चांगली आहे की नाही ते इथे कळतं. बोथट सुरीने पिसारा होत नाही, भुसा होतो.

धार लावायला यंत्र नको. या सुरीचा मोठा फायदा हाच की कोन मोजावा लागत नाही. रुंद उतार निसण्यावर सपाट टेकवा, दोन बोटांनी धारेजवळ हलका दाब, आणि पुढे ढकला. दोन्ही बाजू सारख्या वेळा. निसणा नसेल तर रंगाच्या दुकानातला पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवा, आधी 400 नंबर, मग 1000, शेवटी 2000. उतारावर मार्करने रेघ मारा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर हात बरोबर आहे, फक्त वरची पुसली तर धारेपर्यंत पोचलाच नाहीत. एका बाजूला पुरेसं घासलं की धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक तार लागते. ती आली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, वीस-तीस वेळा ओढा. वाळूच्या दगडावर किंवा होडीच्या लोखंडी कडेवर सुरी खरडून पाजवायची आपली सवय आहे, ती बांगडे कापायच्या सुरीला ठीक. इथे उतार गोल होऊन जाईल आणि लाकडातली पकड जाईल. फिरत्या सहाणेवाल्याकडेही देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धारेचं पाणी उतरतं.

परदेशी सुरीच घ्यायला हवी का? अजिबात नाही. गावातला लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून कोयते बनवतो, ते पोलाद स्प्रिंगचं असतं, अर्धा-पाऊण टक्का कार्बन, मार खाणारं आणि चिवट. त्याच्याकडून चार इंचाचं पातं करून घ्या. फक्त स्पष्ट सांगा : जाडी तीन मिलिमीटर, जास्त नको, शेपूट मुठीच्या टोकापर्यंत, पाणी दिल्यावर परत थोडं तापवून नरम करायचं, आणि उतार पटाशीसारखा सरळ, कोयत्यासारखा फुगीर नको. लोहाराला सवय जाड आणि फुगीर करायची असते, कारण कोयत्याला तेच लागतं. नमुन्याला पुठ्ठ्याचा आकार कापून न्या. गंजेल, हे धरून चाला. माझी रोजची लाकडाची सुरी अशीच बनवलेली आहे, मूठ फणसाची, आणि होडीसाठीची स्टेनलेस वेगळी.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात, घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेल्या वगळून. चार इंचाची कामाची सुरी त्यात बसत नाही. तरी ती कमरेला लावून बाजारात, जत्रेत फिरू नका. होडीवर आणि रानात कमरेला, रस्त्यावर पिशवीत तळाला. विमानाने कोणी आणत असेल तर सुरी सामानाच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही.

बंदीच्या दोन महिन्यांत सुरी वापरात नसेल तर म्यानातून काढून ठेवा. धुऊन, पुसून, उन्हं पडली तर अर्धा तास उन्हात, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यात गुंडाळून उंच फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही तिथे. मशीनचं तेल लावलंत तर मासा कापण्याआधी साबणाने धुवायला विसरू नका.

तो पोरगा परवा ऑफिसात आला होता. अंगठा आता पूर्ण वाकतो, फक्त थंडीत जरा आखडतो म्हणाला. पुठ्ठ्याचा आकार घेऊन गेलाय लोहाराकडे.